जिंकायची नोकरी

लिहायला बसलो आहे खरा, पण हे माझं काम नाही याची मला जाणीव आहे. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. आज्याचं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलं, वडिलांनी राहूजवळ थोडी जमीन धरली तेव्हा कुठे आमची चूल एका जागी बसली. अशा घरातल्या मुलाने दुसऱ्या माणसाचं आयुष्य कागदावर मांडू नये, असं मला अजूनही वाटतं. पण ज्यांना हे नीट लिहिता आलं असतं त्यांची त्या माणसाशी गाठ पडली नाही, माझी पडली. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

दौंडला कॉलेजात असताना मी ज्यांच्या खोलीत भाड्याने राहिलो, त्या घरमालकांबद्दल हे आहे. नाव लिहीत नाही. आम्ही सगळे त्यांना आप्पा म्हणायचो. बायको वारलेली, मूलबाळ नाही. रेल्वे लाइनीच्या कडेला पत्र्याच्या खोल्यांची एक रांग, तिच्या टोकाच्या खोलीत ते एकटे राहायचे.

आप्पांचा चेहरा आधी सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्या चेहऱ्यामुळे घडलं. धोतर, पांढरी टोपी, डोळ्यांच्या कडांना सुरकुत्या, आणि बोलण्याआधीच समोरच्याचं ऐकून घेतल्यासारखी मान थोडी कललेली. एसटी स्टँडवर अनोळखी बायका त्यांच्याजवळ पिशव्या ठेवून पाणी प्यायला जायच्या. आप्पा त्यांना परत बोलवायचे. "उचला ती पिशवी, ताई. वळख न्हाई, पाळख न्हाई, आन् मला राखणीला बसवताय व्हय?" बायकांना राग यायचा. एक जण तर म्हणाली, "म्हाताऱ्या माणसानं एवढं तिरसट असू नये." आप्पांनी मान डोलावली, पण ती पिशवी उचलेपर्यंत जागचे हलले नाहीत.

रोज सकाळी ते स्टँडवर नाहीतर स्टेशनवर जाऊन उभे राहायचे. तेव्हा बऱ्याच गाड्यांचं इंजिन दौंडला एका टोकाचं काढून दुसऱ्या टोकाला लावायचे. तेवढ्यात माणसं खाली उतरायची, चहा प्यायची, इकडेतिकडे बघत राहायची. "ह्येच गिऱ्हाईक," आप्पा म्हणायचे. "कुठं जायची घाई न्हाई, पर गाडी सुटायचं भ्या हाय. त्याचं निम्मं डोस्कं डब्यात असतंय. उरलेल्या निम्म्याला फशिवणं सोपं." मग एखाद्या प्रवाशाजवळ जाऊन सांगायचे, की पुढच्या खांबापाशी जो माणूस सापडलेली अंगठी दाखवतोय, त्याच्या नादी लागू नका. प्रवासी आधी अंगठीवाल्याकडे बघायचा, मग आप्पांकडे, आणि बहुतेक वेळा दोघांपासूनही लांब सरकायचा.

रविवारी आम्हा पोरांचा वर्ग असायचा. आम्हाला अभ्यास असला तरी ते बोलवायचे. कट्ट्यावर बसून एकेक प्रकार समजावून सांगायचे. पुढे चोऱ्या होतात, दागिने काढून कागदात बांधा, असं बाईला सांगणारा साध्या कपड्यातला पोलीस. मिठाईच्या डब्यात सोन्याची वीट आहे म्हणणारा परगावचा मजूर. माझा खोलीतला सोबती पाटसचा होता, वडील साखर कारखान्यात. तो एकदा म्हणाला, "आप्पा, आमच्याजवळ हायच काय फसवून न्यायला?"

"म्हणून तर सांगतो," आप्पा म्हणाले. "ज्याच्याजवळ काय न्हाई, त्यो लवकर हात पुढं करतो. आन् एक ध्यानात ठेव. कुणी तुझ्यासंगं वाटून घ्यायला निघाला, की समज, त्याच्याजवळ वाटण्यासारखं काय न्हाई."

दुसरी एक गोष्ट ते पुन्हा पुन्हा सांगायचे. खेळ मांडणाऱ्याकडे बघू नका, त्याच्याभोवतीच्या गर्दीत जिंकणारा कोण ते बघा. आणि त्याच्याजवळ पिशवी आहे का ते बघा. "स्टँडवर ज्याच्याजवळ पिशवी न्हाई, त्यो प्रवासी न्हाई."

स्टँडसमोर एक परमिट रूम होती. आप्पा दारू पीत नव्हते, पण संध्याकाळी तिथे मीठ घातलेला सोडा घेऊन बसायचे. एकदा त्यांना निरोप सांगायला मी आत गेलो. अशा जागी मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं होतं, त्यामुळे दाराशीच उभा राहिलो. आप्पा कारखान्याच्या एका ट्रक ड्रायव्हरशी पैज लावत होते. आपली टोपी त्यांनी सोड्याच्या भरलेल्या ग्लासावर ठेवली.

"ड्रायव्हरसाहेब, ह्या टोपीला हात न लावता खालचा ग्लास मोकळा करतो. लावता का भज्याची प्लेट?"

"न्हाई व्हायचं, आप्पा."

"लावता का ते बोला."

"लावली."

आप्पा टेबलाखाली वाकले. घटाघटा प्यायल्याचा आवाज केला, वर येऊन तोंड पुसलं. "झालं बघा काम."

"काय थापा मारताय," असं म्हणत ड्रायव्हरने टोपी उचलली. ग्लास होता तसा भरलेला. आप्पांनी तो उचलला, शांतपणे पिऊन टाकला आणि म्हणाले, "म्या कुठं लावला हात टोपीला?"

सगळे हसले. भजी आली ती आप्पांनी ड्रायव्हरकडेच सरकवली. बाहेर आल्यावर मात्र त्यांचा चेहरा पडलेला होता. "बघितलंस? म्या काय केलं न्हाई. जे केलं ते त्यानं केलं. फशिवणारा कायम हात मागं बांधून उभा असतोय."

त्याच दिवशी मी धीर करून विचारलं, की हे सगळं तुम्हाला कसं माहीत. ते सहज म्हणाले, "नोकरी व्हती. जिंकायची."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. चार जणांची टोळी होती. एक जण जमिनीवर कापड टाकून तीन पत्ते पालथे घालायचा, त्यातली राणी ओळखायची. दोघे जण पोलीस येतो का ते बघायचे. आणि आप्पा गर्दीत उभे राहून राणी ओळखायचे. दर वेळी जिंकायचे. खेड्यातला साधा माणूस जिंकतोय म्हटल्यावर बघणाऱ्याला वाटायचं, याला जमतं तर आपल्याला का नाही. त्याने पैसे लावले की पत्ता बदललेला असायचा. संध्याकाळी आप्पा दिवसभर जिंकलेलं सगळं मांडणाऱ्याच्या हातात परत द्यायचे आणि मग त्यातला आपला वाटा घ्यायचे.

"हयातभर जिकलो," ते म्हणाले, "पर त्यातलं येकबी जिकणं माझं न्हाई."

"मग सोडलं कसं?"

"चांगलं वागावं वाटलं म्हणून सोडलं, असं कुणाला सांगू नको. चेहरा जुना झाला. लोक वळखाया लागले."

आता मूळ गोष्टीकडे येतो. दुसऱ्या वर्षी गणपतीच्या सुट्टीत मी आजोळी गेलो होतो. आजोळ म्हणजे मांडवगण फराट्याच्या पुढची एक वस्ती. तिथल्या लोकांचीही मेंढरं आता जवळजवळ गेली, ज्वारी आणि ऊस आला. आमच्या लोकांत पेरणीला पहिली मूठ घरातल्या थोरल्याने धरायची असते. पाभरीच्या चाड्यात, म्हणजे बी सोडायच्या लाकडी वाटीत, थोरला पहिली मूठ सोडतो आणि मग पाभर चालते. पण मामांच्या शेजारचे बिरूतात्या घरात थोरले असूनही पेरणीच्या वेळी बांधाच्या पलीकडे जाऊन बसले. मूठ त्यांच्या पुतण्याने धरली. मी मामांना विचारलं, तर ते म्हणाले, फार वर्षांपूर्वी तात्यांनी बैलजोडी घ्यायला मेंढरं विकली आणि तो पैसा दौंडच्या स्टँडवर पत्त्यांत घालवला. तेव्हापासून आपला हात अपयशी आहे असं त्यांनी धरलंय. पुढे एक जनावर दगावलं, विहिरीला पाणी लागलं नाही, तेही त्यांनी आपल्याच हातावर घेतलं. घरात सोयरीक ठरायची असली तरी ते गोठ्यात जाऊन बसतात.

दौंडला परत आल्यावर बोलता बोलता मी हे आप्पांना सांगितलं. ते चहा गाळत होते. गाळणी तशीच धरून राहिले.

"घोंगडं व्हतं का त्याच्या खांद्यावर?"

"तात्यांच्या खांद्यावर घोंगडी असतेच."

"त्यानं माझा हात धरून कपाळाला लावला व्हता," आप्पा म्हणाले. "बाकीचे शिव्या द्यायचे, रडायचे, पोलिसाकडं पळायचे. ह्यानं माझा हात धरला आन् म्हणला, तुमच्या हाताला यश हाय, पाव्हणं, माझ्या न्हाई. मग म्या त्याला चहा पाजला, तिकीट काढून मांडवगणच्या गाडीत बसवलं."

"म्हणजे तुम्हाला त्यांची दया आली."

"न्हाई रं. ते बी कामच व्हतं. हरलेला माणूस स्टँडवर राहिला तर बोंब मारतोय. त्याला गाडीत बसवून लावायचा, ही जिंकणाऱ्याची जबाबदारी."

गाळणी खाली ठेवून ते म्हणाले, "त्याचा हात अपयशी न्हाई. हे त्याला सांगाया पायजे."

पुढच्याच रविवारी आम्ही गेलो. वस्तीवर पोचेपर्यंत आप्पा काय बोलायचं ते मनाशी जुळवत होते, ओठ हलताना दिसत होते. तात्या गोठ्यापाशी वाख वळत बसले होते. आप्पांना बघताच हातातला दोर टाकून उठले.

"ह्ये त्येच," त्यांनी घरात हाक मारली. "सूनबाई, भाईर ये. मला गाडीत बसवून दिल्यालं पाव्हणं आलं."

सगळं घर बाहेर आलं. घोंगडी अंथरली. तात्या सगळ्यांना सांगत होते, "त्या दिवशी मी रेल्वेखाली जीव दिला असता. समदं गाव लबाड, त्यात ह्यो येक माणूस भेटला. तिकिटाचं पैसं बी घेतलं न्हाईत ह्येंनी." आप्पांनी दोनदा तोंड उघडलं. तेवढ्यात सुनेने बाजरीची भाकरी आणि भरलं वांगं आणून पुढे ठेवलं, आणि नातीने आप्पांच्या पाया पडून घेतलं.

परत येताना एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. पारगावच्या आसपास म्हणाले, "पुढल्या खेपंला."

पुढच्या खेपेला तसंच झालं, आणि त्यापुढच्याही. मी नसलो तरी ते एकटे जायचे. येताना कधी ताक, कधी कारळ्याची चटणी घेऊन यायचे. त्या घरात कुणी आजारी पडलं की आप्पांना कळायचं, पाहुणे येणार असले की आप्पांना बोलावणं यायचं. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची वाट बघत होतं. पिशवी घेऊन वस्तीकडे निघालेले आप्पा बघितले, की वाटायचं हा माणूस आता काही सांगणार नाही. पण परत आल्यावर ते जेवायचे नाहीत. एकदा माझ्या सोबत्याने थट्टा केली, "आप्पा, सोयरीक जमली वाटतं मांडवगणला." आप्पा म्हणाले, "माझं पोट भरतंय, त्याचा हात वाळतोय."

पुन्हा ज्वारीची पेरणी जवळ आली. माझं शेवटचं वर्ष होतं. आप्पांनी मला बरोबर चल म्हटलं. "मी गपगार बसलो तर तू मला ढोस."

त्या दुपारी मला ढोसावं लागलं नाही. तात्यांच्या दारातल्या लिंबाखाली बसल्या बसल्या आप्पांनी खिशातून तीन पत्ते काढले, घोंगडीवर पालथे घातले आणि म्हणाले, "राणी कुठं हाय सांगा."

तात्या पत्ते बघून मागे सरकले. "नगं, आप्पा. मला बघवत न्हाई त्ये."

"बघाच. ही राणी. ही अशी टाकली. आता सांगा."

तात्यांनी नाइलाजाने बोट दाखवलं. पत्ता वेगळाच निघाला. मग आप्पांनी सावकाश, एकेक बोट दाखवत, दोन पत्ते एकत्र धरून, खालचा सोडल्यासारखं भासवत वरचा आधी कसा सोडायचा ते करून दाखवलं. "ही चाल हाय. तुमच्या जागी कलेक्टर आला तरी हरणार. आन् मी जिकत व्हतो, कारण मी त्यांच्यातला. मी चोर हाय, तात्या. तुम्हाला हात पुढं करायला मीच लावला. त्यो चहा, तिकीट, त्ये बी तुम्ही बोंब मारू नये म्हणून. तुमच्या हातात खोट न्हाई."

तात्यांनी एकेक पत्ता उचलून उलटसुलट करून बघितला. मला वाटलं, झालं. मग ते हसले. मी त्यांना एवढं मोकळं हसताना कधी पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला त्येंची चाल वळखता येत व्हती, म्हणून तर जिकला तुम्ही. मला न्हाई आली."

"अहो, मी त्यांच्यातला व्हतो."

"चोर कवा सोताला चोर म्हणतो व्हय?" तात्यांनी त्यांचा हात धरला. "मी मूठ धरावी म्हणून सोताच्या अंगाला काळं लावून घेताय. समजतंय मला. पर असं करू नगा, आप्पा. तुमच्यासारख्या माणसानं खोटं बोलू न्हाई."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "तात्या, खरं आहे ते. मला आधीपासून माहीत आहे."

"तू शिकलेलं पोर. कुणी शिकवलं तसं बोलणार."

सून दारातून म्हणाली, "आप्पा, नका त्येंचं मन वळवू. आम्ही थकलो. चहा घ्या." तिने चहा ठेवला. तात्यांनी आप्पांचा कप आधी उचलून त्यांच्या हातात दिला.

त्या वर्षीही मूठ पुतण्याने धरली.

त्यानंतर आप्पा स्टँडवर जायचे बंद झाले. रविवारचा वर्गही थांबला. कट्ट्यावर बसून ते तळहाताने चेहरा चोळत राहायचे, सारखे, साबण लावल्यासारखा. एकदा मला म्हणाले, "ह्या तोंडानं हयातभर खोटं बोललो, तवा समद्यांनी खरं मानलं. आता खरं सांगतोय तर त्ये तोंड आडवं येतंय." परीक्षा झाली, मी खोली सोडली आणि पुढे शिकायला पुण्याला आलो. निघताना त्यांनी मला सांभाळून राहा एवढंच सांगितलं. फसवणुकीबद्दल एक शब्द काढला नाही.

पुण्याला वर्ष गेलं. मधे एकदा दौंडला उतरलो, तेव्हा आप्पांच्या दाराला कुलूप होतं. शेजारच्यांना माहीत नव्हतं. मग परवा माझा मामेभाऊ काही कामासाठी पुण्याला आला आणि माझ्या खोलीवर मुक्कामाला राहिला. मी आप्पांचं विचारलं, तर तो कॉटवर नीट बसला आणि म्हणाला, "तुला कळलंच न्हाई व्हय?"

त्याने सांगितलं ते असं. यंदाच्या पेरणीच्या आधी आप्पा तात्यांना शेळी घ्यायची म्हणून शिरूरच्या आठवडी बाजारात घेऊन गेले. तात्यांना एका कडेला उभं केलं, म्हणाले, इथून हलू नका, फक्त बघा. मग स्वतःच बाजारात कापड अंथरलं आणि तीन पत्ते मांडले. दोन पोरं जिंकायला उभी केली होती. लोकांनी पैसे लावले, हरले. कापडावर पैसे जमले तसे आप्पा उठून उभे राहिले आणि तात्यांकडे बोट करून ओरडायला लागले, की बघा, मी चोर हाय, मी असाच तुम्हाला लुटला, आता तरी बघा. लोकांना कळायला वेळ लागला नाही. आप्पांना फार मारलं. पोरं पळाली. पोलीस आले आणि आप्पांना घेऊन गेले. चौकीत आप्पांनी न विचारता सगळं सांगितलं, दौंडच्या स्टँडपासून सगळं, आणि लिहून घ्या म्हणाले.

"आणि तात्या?"

"तात्या चालत गेले चौकीवर. डोक्याचा पटका काढून साहेबाच्या टेबलावर ठेवला. म्हणले, ह्यो देवमाणूस हाय, साहेब. जुनं वळखतो मी ह्याला. डोक्यावर परिणाम झालाय, मारामुळं काय बी बोलतोय. तोवर लोकांचं पैसं बाजारातच माघारी मिळालं व्हतं. तक्रार लिहायला कुणी थांबलं न्हवतं. साहेबानं तात्यांकडं बघितलं, आप्पांकडं बघितलं, आन् दिलं सोडून."

"मग आता आप्पा वस्तीवर असतात का?"

मामेभावाने मान हलवली.

"न्हाई. तात्यांनी त्येंना येऊ नका म्हणून सांगितलंय. आप्पा दोनदा आले, तात्या घरात जाऊन दार लावून बसले. म्हणतात, येवढा चांगला माणूस, माझ्या संगतीला आला आन् येडा झाला. माझा हात लागला त्याला. आता तरी त्याला माझ्यापास्नं लांब ठिवा."